धाकट्याने आणलेले क्लॅम्प

सोमवार, ५

धाकट्याने आज कारखान्यात एक खोकं आणलं. त्यात लाल मुठीचे चार क्लॅम्प. टॉगल क्लॅम्प म्हणतात म्हणे. मूठ दाबली की पुढचा लोखंडी दांडा लाकडावर उतरतो आणि कट् करून तिथेच अडकतो. मूठ उचलली की सुटतो. दांड्याच्या टोकाला एक बोल्ट, त्याला खाली रबरी बूच. लाकूड जाड असेल तसा बोल्ट वर घ्यायचा, बारीक असेल तसा खाली सोडायचा, आणि नट आवळून पक्का करायचा.

"हार्डवेअरवाल्याने वापरून बघायला दिलेत," धाकटा म्हणाला. "पटले तर ठेवू, नाही तर महिनाअखेरीला परत."

"आपल्या पाचरांना काय झालं?"

"काही नाही झालं, दादा. नवीन वस्तू आहे, बघू तरी."

'बघू तरी' म्हणणारा माणूस आधीच बघून आलेला असतो. गेली कित्येक वर्षं खुर्चीचे पाय मी एकाच जिगवर तिरके कापतोय. जिग म्हणजे साधी सरकती फळी. तिच्यावर पाय आडवा ठेवायचा, दोन बाजूंनी पाचरा ठोकायच्या, डाव्या हाताने दाबून धरायचं आणि फळीसकट गोल करवतीतून ढकलायचं. या हातांनी कापलेला पाय आजवर परत आलेला नाही. मग हे लाल मुठीचं खूळ आत्ताच कशाला? कुठेतरी पाणी मुरतंय.

मी मात्र हो म्हटलं. नाही म्हटलं असतं तर म्हाताऱ्याला नवीन काही नको असतं असं बोलायला तो मोकळा.

बुधवार, ७

क्लॅम्प जिगवर बसवले. भोकं मी पाडली. एक स्क्रू हातातून तीनदा पडला. हल्ली स्क्रूंना तेल फार लावून पाठवतात.

वाचनालयाच्या खुर्च्यांचं काम हातात आहे. पुढचे पाय झाले की मागचे, मग हातांच्या पट्ट्या. प्रत्येकाची जाडी वेगळी, म्हणजे बोल्ट रोज नव्याने लावावा लागणार. आमच्याकडे नियम आहे, करवत जो चालवतो तोच आदल्या संध्याकाळी जिग लावतो. दुसऱ्याने हात लावायचा नाही. जोडकाम, ने-आण, गिऱ्हाइकाशी गोड बोलणं हे धाकट्याचं. करवत माझी. घरात, बाजारात, कुठेही मला कोणी फार विचारत नाही, पण करवत सुरू असली की कारखान्यात माझ्या परवानगीशिवाय कोणी शिंकतसुद्धा नाही.

संध्याकाळी जोर लावून चारही नट आवळले.

गुरुवार, ८

पहिले पाच पाय ठीक निघाले. सहावा केसभर हलला आणि तिरकावा चुकला. तुकडा धाकट्याच्या पुढ्यात टाकला. वाईट वाटल्याचा चेहरा करायचा म्हणून केला, आतून बरं वाटलं.

त्याने क्लॅम्प हातात घेऊन उलटसुलट बघितला. नटाला नुसता अंगठा लावला आणि काही बोलला नाही. वाद घालणारा माणूस गप्प बसला की जास्त जपावं.

सकाळी कुलपाने फार त्रास दिला. किल्ली फिरेना. कुलूपवाल्याला बोलवा म्हणून मी ओरडत होतो, तेवढ्यात धाकटा आला आणि त्याच किल्लीने चटकन उघडून आत गेला. म्हणजे त्या कुलपाची काहीतरी खुबी त्याला ठाऊक आहे आणि ती तो मला सांगत नाही.

रविवार, ११

सुट्टी. हिने चहा दिला, कप हातातून निसटला. कपाच्या कानाला तूप लागलं असणार. ही तुकडे गोळा करता करता म्हणाली, "हा तिसरा. डॉक्टरांना दाखवू या का एकदा?"

म्हटलं, "दाखवायला मी काय प्रदर्शनातली वस्तू आहे?"

"हात झटकत उठता रोज पहाटे. मला काय दिसत नाही?"

"अंगाखाली येतो तो. झोपेत कुठे ठेवायचा असतो, खुंटीला?"

यावर ती हसली नाही. एरवी हसते. मग जवळ येऊन माझ्या शर्टाची वरची दोन बटणं लावून गेली. हल्ली रोज लावते. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर एवढं प्रेम अचानक कुठून उफाळतं, याचाही विचार केला पाहिजे.

मंगळवार, १३

काल आणि आज एकही पाय हलला नाही. कापलेला काठ असा की पॉलिशवाल्याने त्यावरून हात फिरवून मान डोलावली. हा पॉलिशवाला आमच्याकडचा तिसरा माणूस. बोलतो कमी, ऐकतो सगळं, आणि त्याच्या अंगाला कायम स्पिरिटचा वास येत असल्यामुळे तो मागे येऊन उभा राहिला तरी कळतं.

तो म्हणाला, "मोठे मालक, हे बेणं कामाचं दिसतंय."

"सहावा पाय विसरलास वाटतं."

"तो एकच ना."

एकच ना म्हणे. भांड्याला भोक एकच असतं. पण खरं सांगायचं तर ती मूठ दाबली की कट् होतं ना, ते मला आवडलं. नुसत्या तळहाताने बसते. बोटं लावावी लागत नाहीत. दोन्ही हात करवतीपासून लांब राहतात. हे मी कोणाला सांगणार नाही.

गुरुवार, १५

आज पकडला.

सकाळी नेहमीपेक्षा लवकर निघालो. कारखान्याचं दार उघडं. धाकटा जिगवर वाकलेला आणि हातात पाना. मला बघून पाना मागच्या खिशात.

"काय चाललंय?"

"काही नाही, धूळ पुसत होतो."

पान्याने धूळ पुसणारा माणूस मी आज पहिल्यांदा पाहिला. ताकाला जायचं आणि भांडं लपवायचं. दिवसभर एकेक पाय तपासून कापला. सगळे बरोबर निघाले, त्यामुळे संशय आणखीच वाढला. तो आज काही करून ठेवणार होता आणि मी वेळेवर पोचलो, एवढंच.

हे लिहिताना अक्षर फार वाकडं येतंय. पेन बदललं पाहिजे.

शनिवार, १७

आज जे ऐकलं ते जसंच्या तसं लिहून ठेवतो.

दुपारी जेवायला घरी गेलो. धाकटा आधीच येऊन स्वयंपाकघराच्या दारात उभा होता. मी पायरीवर चपला काढत होतो, त्यांना दिसत नव्हतो.

ही म्हणाली, "भावोजी, त्यांच्याकडून करवत काढून घ्या. किती दिवस असं सांभाळणार?"

तो म्हणाला, "थोडं थांबा, वहिनी. आधी क्लॅम्प नीट बसू देत."

"आणि तोवर?"

"तोवर मी बघतोय ना."

मी खाकरलो. हिने ताट वाढलं, तो हवापाण्यावर बोलू लागला.

आता सगळी साखळी लागली. क्लॅम्प आले म्हणजे करवत कोणीही चालवू शकतो, पाचर ठोकणारा हात लागत नाही. मग म्हाताऱ्याला हळूच बाजूला करायचं आणि खुर्ची देऊन दारात बसवायचं. धाकट्याचं एक वेळ समजू शकतो, भाऊच तो. पण ही? कुंपणच शेत खायला लागलं तर कोणाकडे जायचं?

जेवण गेलं नाही. मला फार वाईट वाटलं, आणि ते लिहायला मला लाज वाटत नाही.

मंगळवार, २०

धाकटा सकाळपासून लाकडाच्या वखारीत गेलेला. मी काल संध्याकाळी लावलेल्या जिगवर मागचे पाय घेतले.

तिसऱ्याच पायाला क्लॅम्पचा बोल्ट तिरका झाला, पाय सुटला, करवतीच्या दात्यांनी तो उचलला आणि माझ्या बरगडीजवळून मागे भिरकावला. पॉलिशवाल्याच्या डब्याला लागून डबा उपडा झाला. तो डब्यापासून हातभर अंतरावर बसला होता. मी करवत बंद केली.

मग बघितलं, तर नट सैल. बोटाने फिरतोय. काल मी दात ओठ खाऊन आवळलेला नट.

म्हणजे असं की, धाकटा कारखान्यात असला की क्लॅम्प गपगुमान काम करतात, आणि तो बाहेर गेला की सुटतात. आपण तिथे नव्हतो असं म्हणायला मोकळं. मला मारायचं त्याच्या मनात नसेल, इतकं मी मानतो. मला नुसतं घाबरवायचं असेल. पण लाकूड कोणाच्या छातीत बसायचं हे करवत विचारून ठरवत नाही.

संध्याकाळी तो परत आला. पॉलिशवाल्याने त्याला दारातच गाठून काहीतरी सांगितलं. धाकट्याचा चेहरा पांढरा पडला. चोराच्या मनात चांदणं.

"दादा, लागलं नाही ना?"

"तुला काय वाटलं होतं?"

तो म्हणाला, "उद्या करवत नको चालवूस."

आलं की नाही ओठावर.

बुधवार, २१

करवत चालवलीच. हट्टाने. सकाळी जिगजवळ गेलो तेव्हा धाकटा तिथेच घुटमळत होता. दिवसभर एकही पाय हलला नाही.

आता पुरावा हवा. आमच्या धंद्यात एक साधी गोष्ट करतात. नट पक्का आवळला की नटावरून खालच्या लोखंडावर एक सरळ रेघ ओढून ठेवायची. नट जरा जरी फिरला तर रेघ तुटलेली दिसते. मशीनवाले रंगाने ओढतात. मी टोकदार खडूने ओढणार, बारीक, म्हणजे मुद्दाम शोधल्याशिवाय दिसणार नाही. संध्याकाळी सगळे गेल्यावर चारही नट आवळले. मानेच्या शिरा फुगेपर्यंत आवळले. मग चार रेघा ओढल्या. खडू हातात नीट राहीना म्हणून मुठीत धरून ओढल्या, पण सरळ आल्या.

आता बघतो.

गुरुवार, २२

कसं लिहू ते कळत नाही. झालं तसं लिहितो.

सकाळी मुद्दाम उशिरा गेलो, सापळ्यात यायला वेळ द्यावा म्हणून. धाकटा आणि पॉलिशवाला दोघं चहा घेत होते. मी थेट जिगपाशी गेलो आणि वाकून बघितलं. चारही रेघा तुटलेल्या. मला फार आनंद झाला.

पॉलिशवाल्याला हाक मारली. "इकडे ये. साक्षीदार लागेल." तो कप घेऊनच आला.

धाकट्याला म्हटलं, "काल संध्याकाळी नट आवळून मी रेघा ओढल्या होत्या. आज तुटल्यात. जिगला हात कोणी लावला?"

"मी," धाकटा म्हणाला.

इतक्या लवकर कबूल होईल असं वाटलं नव्हतं. मनात जुळवून ठेवलेलं पुढचं भाषण तसंच राहिलं.

"कशाला?"

त्याने चहाचा कप खाली ठेवला.

"बोल ना. त्या दिवशी याच्या डोक्यात लाकूड बसलं असतं. माझ्या छातीत बसलं असतं. कशाला लावलास हात?"

"दादा," तो म्हणाला, "रेघ कुठल्या बाजूला गेलीय ते बघ."

मी बघितलं. तुटलीय एवढंच आधी बघितलं होतं, कुठे गेलीय ते बघायचं सुचलंच नव्हतं. नटावरचा खडू उजवीकडे गेला होता. एकाचा थोडा, दोघांचा पाव फेरा, चौथ्याचा जवळजवळ अर्धा. सगळे उजवीकडे.

नट सैल करायला डावीकडे फिरवतात. हे कोणी मला शिकवायची गरज नाही. उजवीकडे फिरलेला नट म्हणजे आवळलेला नट. मी जिवाच्या आकांताने आवळल्यावरही त्यात अर्धा फेरा शिल्लक होता.

मी म्हटलं, "पुसून परत ओढल्यास तू रेघा."

हे वाक्य माझ्याच कानाला खोटं लागलं.

धाकट्याने खिशातून पाना काढला, एक नट सैल केला आणि पाना माझ्या हातात दिला. "आवळ. आमच्यासमोर."

मी आवळला. सगळं अंग लावलं. पाना पुढे जाईना तेव्हा थांबलो आणि त्याला म्हटलं, "घे. आता हलव."

त्याने एका हाताने पाना धरला. नट फिरला, लोण्यातून फिरावा तसा. पॉलिशवाला खाली बघत होता. मग म्हणाला, "मी जरा पॉलिश ढवळतो," आणि बाहेर गेला. पॉलिश आतच होतं.

आधी मला राग आला, मग लाज वाटली, मग भीती. भीती हे लिहिताना अजून आहे. आवळताना पाना हातात होता आणि मला पाना लागतच नव्हता. अंगठा आणि पुढची दोन बोटं कोणा दुसऱ्याची असावीत तशी. हे आजचं नाही. कधीपासूनचं ते मला आठवेना.

धाकटा म्हणाला, "त्या पहिल्या गुरुवारी कळलं मला. नट बोटाने फिरला. तेव्हापासून रोज सकाळी तुझ्याआधी येऊन आवळतोय. वखारीत गेलो त्या दिवशी राहिलं. वाटलं होतं, एक दिवसाने काय होतंय. चूक माझी आहे."

"सांगितलं का नाहीस?"

"वहिनी डॉक्टर म्हणाल्या तर तू काय बोललास त्यांना?"

मी माझ्या बोटांकडे बघितलं.

"त्या म्हणतात करवत काढून घ्या. मी म्हटलं, करवत काढून घेतली तर दादा घरात बसून आम्हाला खाईल, आणि आम्ही संपलो की स्वतःला. पाचरांना बोटं लागतात. तू पाचर धरायचास ना, तेव्हा मी इकडे श्वास रोखून असायचो. म्हणून हे शोधून आणले. तळहाताने बसतात. तू करवतीवर राहावास म्हणून आणले, दादा. नटाचा विचार मी केलाच नव्हता."

हे ऐकून मी तिथल्या लाकडांच्या ढिगावर बसलो. रडलो. लिहून टाकतो, नाही तर उद्या मीच नाही म्हणेन.

शुक्रवार, २३

ही आणि धाकटा, दोघं मला घेऊन डॉक्टरकडे गेले. पोलीस नेतात तसे, दोन बाजूंनी.

डॉक्टरने डोळे मिटायला लावून बोटांना सुई टोचली आणि विचारलं, कुठलं बोट? मी तीनदा चुकीचं सांगितलं. चौथ्यांदा अंदाजाने बरोबर आलं, तर म्हणाला, "अंदाज नको." मनगटात नस दाबली गेलीय. बरेच दिवस थरथरती यंत्रं हातात धरली की होतं. छोटं ऑपरेशन आहे. बधिरपणा जाईल बहुतेक, ताकद किती परत येईल ते आत्ता सांगता येत नाही. तोवर पाना नाही, करवत नाही.

'बहुतेक' या शब्दावर मी त्याला बरंच पिळलं. तो हलला नाही. माणूस खरा असावा किंवा चांगला कसलेला.

घरी आल्यावर हिला विचारलं, "बटणं त्यासाठी लावत होतीस?"

"मग काय, तुमच्या रूपावर भाळून?"

मी हसलो. ती हसता हसता रडायला लागली. म्हणाली, रोज दुपारी तुम्ही जेवायला येईपर्यंत दारातून तुमचे हात मोजायची मी, दोन आहेत ना म्हणून. मी तिला कटात धरून बसलो होतो. तिला हे सांगितलं नाही. तिला कळलं असावं.

शनिवार, २४

हार्डवेअरवाला आला होता. महिनाअखेरीआधीच. विचारलं, ठेवणार की परत? धाकट्याने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, ठेवणार. तो म्हणाला, आणखी दोन देऊ का? म्हटलं, चार घेतलेत तर डोक्यावर बसू नकोस.

मागच्या पायांची एक थप्पी राहिली आहे आणि वाचनालयाला सोमवारी खुर्च्या जोडून दाखवायच्या आहेत. ऑपरेशन गुरुवारी. सकाळभर मी करवतीभोवती फिरत राहिलो. मग धाकट्याला हाक मारली.

"ये. जिग लाव."

"मी?"

"जो करवत चालवतो तो जिग लावतो. आज तू चालवणार."

त्याने हात पँटला पुसले. मी सांगत गेलो, तो करत गेला. पाय असा ठेव, बोल्ट एवढा खाली, बूच लाकडावर पुरतं टेकू दे, तिरकं नको. मूठ दाबल्यावर कट् आवाज आला. त्याने नट आवळले, एक, दोन, तीन, चार. चौथ्याला जरा जास्त वेळ लावला. मग सवयीने पाना माझ्यापुढे धरला, तपास म्हणून.

मी पाना घेतला नाही. घेऊन तरी काय कळलं असतं? नट बसलाय की नाही हे सांगणारा हात या कारखान्यात आता एकच आहे आणि तो माझा नाही.

म्हटलं, "तुझ्या हाताला काय वाटतं?"

त्याने परत एकदा पाना लावला. "बसलाय."

"चारही?"

"चारही, दादा."

पाय सुटला तर तो मागेच येतो, ढकलणाऱ्याच्या अंगावर. मंगळवारी माझ्या बरगडीजवळून गेला होता. आता तिथे धाकटा उभा होता, आणि त्याच्या पुढे मी हात न लावलेली जिग. आयुष्यात कोणाच्या शब्दावर मी करवत सुरू होऊ दिलेली नाही.

"चालू कर," मी म्हटलं.